आजारी वस्तादासाठी उभं राहताना: जीन शिवणाऱ्या कारागिराला मदत कशी गोळा करावी

घोड्याचं जीन, म्हणजे पाठीवरचं खोगीर, हातानं शिवणारी माणसं आता कोल्हापुरात शोधावी लागतात. संस्थान होतं तेव्हा पागा होती, पागेला कारागीर लागत. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, पुढं रस्त्यावरचे टांगेही गेले आणि जीन-लगामाचं काम करणाऱ्यांना बाहेरगावचं गिऱ्हाईक धरावं लागलं. तरी एखाद्या पेठेत, जुन्या घराच्या सोप्यात मांडी घालून बसलेला असा वस्ताद अजून भेटतो. त्याच्या हाताखाली शिकून गेलेली पोरं कुठं बॅगा करतात, कुठं चपला, कुठं रेसच्या घोड्यांचं सामान. अशा माणसानं अंथरूण धरलं की घरात कमावणारा हात थांबतो, कारण या धंद्यात ना फंड असतो, ना पेन्शन, ना विमा.

हा लेख त्या पोरांसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि जुन्या गिऱ्हाइकांसाठी आहे. आमच्या भागातल्या अशाच एका वस्तादासाठी (सगळे त्यांना तात्याच म्हणत) आम्ही काही जण उभे राहिलो, त्यातून जे कळलं ते क्रमानं सांगतो. सगळ्यात आधी एक गोष्ट: पैसे कमी-जास्त जमतील, पण ज्याच्या नावानं जमवतोय त्याचा शब्द त्याच्या घरात जसा अखेरचा होता तसाच राहिला पाहिजे. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीवर तपासून घ्या.

पहिली पायरी: घरी जाऊन विचारा

बातमी कट्ट्यावर आली की तासाभरात कुणीतरी क्यूआर कोड फिरवायला लागतो. भावना चांगली असते, पण खुद्द त्या माणसाला याचा पत्ताच नसतो. म्हणून आधी दोघांनीच घरी जावं, एक शिष्य आणि एक वयानं मोठा शेजारी. घोळका नेऊ नका. घरच्या काकूंशी वेगळं बोला. मेडिकलवाल्याची उधारी किती झाली, घरभाडं कधीचं थकलंय, सिलिंडर किती दिवस पुरेल हे त्यांनाच ठाऊक असतं आणि नवऱ्यासमोर त्या ते सांगत नाहीत.

तात्यांना विचारलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी कुणापुढं हात पसरल्याला न्हाई. आता पसरायला लावू नका." त्यांचा सगळ्यात जुना शिष्य म्हणाला, "तात्या, तुम्ही कुठं पसरताय? आम्ही देणं फेडतोय. शिकवायची फी घेतली हुती का तुम्ही कुणाकडनं?" मग त्यांनी एक अट घातली, आजाराचं नाव चारचौघांत यायला नको. ती अट आम्ही शेवटपर्यंत पाळली आणि त्यामुळं एक रुपयाही कमी आला असं मला वाटत नाही.

चार गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. आजाराचं नाव सांगायचं का? कुठला फोटो वापरायचा? कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत? (जुने वाद असतात, त्यांचा मान ठेवा.) आणि खर्चाचा निर्णय घरातलं कोण घेणार? उत्तरं वहीत लिहून खाली सही घ्या. माणूस बोलण्याच्या स्थितीत नसेल तर हेच प्रश्न पत्नीला आणि मुलांना, सगळे एकत्र असताना विचारा.

फोटोबद्दल माझं मत ठाम आहे. नाकात नळी, डोळे मिटलेले, असा फोटो लावू नका. हातात आरी (कातड्याला भोक पाडायचं हत्यार), मांडीवर कातडं, नजर कामात, असा फोटो कुणाच्या तरी मोबाईलमध्ये नक्की सापडतो. लोकांनी ज्या माणसाला ओळखलं तोच त्यांना दिसू द्या.

दुसरी पायरी: कागदांची एकच फाईल

यात फार काही नाही, पण हे आधी केलं नाही तर पुढं सगळं अडतं. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, तपासण्यांचे रिपोर्ट आणि हॉस्पिटलच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी खर्चाचं अंदाजपत्रक. प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. आधारवरचं आणि रेशन कार्डावरचं नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा. जुन्या माणसांच्या कागदांवर एका ठिकाणी टोपणनाव आणि दुसऱ्या ठिकाणी खरं नाव, असं फार आढळतं. उत्पन्नाच्या दाखल्याला दिवस लागतात, म्हणून सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात त्याचा अर्ज पहिल्याच दिवशी टाका. वस्तादांकडे हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाचं 'पहचान' हे कारागीर ओळखपत्र असेल, एखाद्या पुरस्काराचं पत्र असेल, तर तेही फाईलला लावा.

मूळ कागद घरातच राहू द्यावेत. कार्यकर्त्याच्या पिशवीत मूळ रेशन कार्ड नको.

तिसरी पायरी: लोकांकडे जाण्याआधी योजना

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त पैसे वाचवणारं काम. शस्त्रक्रियेचा मोठा खर्च योजनेत बसला तर लोकांचा पैसा घरासाठी, औषधांसाठी, पुढच्या महिन्यांसाठी उरतो. म्हणून क्रम चुकवू नका.

पहिली चौकशी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची. ती आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबवली जाते. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार रोखीशिवाय मिळतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, भरती होण्याआधी त्याला गाठा. दोन प्रश्न विचारायचे: हे रुग्णालय योजनेत आहे का, आणि याच आजाराच्या याच उपचारासाठी आहे का? दुसरा प्रश्न बरेच जण विचारत नाहीत. हृदयाच्या उपचारांसाठी योजनेत असलेलं रुग्णालय कॅन्सरसाठी असेलच असं नाही. राज्य योजनेचा हेल्पलाइन क्रमांक १५५३८८ आणि आयुष्मानचा १४५५५.

वस्ताद सत्तरीच्या पुढचे असतील तर 'आयुष्मान वय वंदना' कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, ते मिळतं. त्यासाठी आधार पुरतं, आणि आधारवरची जन्मतारीखच वय ठरवते.

सरकारी दवाखान्याला नाक मुरडू नका. आपल्याकडं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. गर्दी असते, वेळ जातो, पण सोबत रांगेत उभं राहणारा धडधाकट शिष्य असेल तर त्रास निम्मा होतो. सगळी कामं कळतील अशी व्यक्ती तिथं एकच असते, ती म्हणजे समाजसेवा अधीक्षक. त्यांना भेटा.

उपचार योजनेत बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. इथं उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड उपयोगी पडतं. अर्ज भरती होतानाच द्या, बिल तयार झाल्यावर सवलत मागायला गेलं की दोन्ही बाजूंचा आवाज चढतो. खाट नाही असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा आणि धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात जा.

त्यानंतर मुख्यमंत्री सहायता निधी. त्यातली मदत रुग्णाच्या हातात पडत नाही, रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, खासगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. झालेल्या खर्चाची भरपाई इथं मागता येत नाही, म्हणून उपचार चालू असतानाच अर्ज जायला हवा.

दवाखान्याच्या खर्चाशिवाय महिन्याची सोयही बघा. ६५ वर्षांवरच्या गरीब माणसाला श्रावणबाळ योजनेतून, त्याखालच्या वयाच्या आणि गंभीर आजारानं काम सुटलेल्याला संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला दीड हजार रुपये मिळू शकतात. अर्ज तहसील कार्यालयात. रक्कम छोटी आहे, पण ती स्वतःच्या खात्यात स्वतःच्या नावानं येते, त्याचं मोल वस्तादालाच कळतं. राष्ट्रीय किंवा राज्य पुरस्कार मिळालेला हस्तकारागीर असेल तर केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाकडून वृद्ध, गरजू कारागिरांना मासिक अर्थसाहाय्य मिळतं, त्याचीही चौकशी करा.

चौथी पायरी: आकडा ठरवा

'जमेल तेवढी मदत करा' असं लिहिलं की लोक जमेल तेवढीच करतात. वहीचं एक पान घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडं दवाखाना: शस्त्रक्रिया, तपासण्या, औषधं. उजवीकडं घर: भाडं, किराणा, वीजबिल, नातवंडांची फी, ये-जा, सोबत राहणाऱ्याचं जेवण. डाव्या बाजूतून योजनेत बसणारी रक्कम वजा करा. उजवी बाजू सहा महिन्यांची धरा, कारण बरा झालेला माणूसही दुसऱ्या दिवशी कामाला बसत नाही. आलेल्या बेरजेत थोडी वाढ धरून आकडा पक्का करा आणि घरच्यांना दाखवून मगच जाहीर करा. हप्ते, उसनवारी, लग्नाचं कर्ज यात घालायचं का, हे घरच्यांना ठरवू द्या. घातलं तर तसं उघड सांगा. आकड्यात खोगीरभरती केली की जाणत्या माणसाला ती लगेच दिसते आणि मग खऱ्या खर्चावरचाही विश्वास उडतो.

पाचवी पायरी: पैसा कुठं जमा होणार

तीन माणसं नेमा: घरातलं एक, शिष्यांपैकी एक आणि हिशेबाला पक्कं असं तिसरं, शक्यतो निवृत्त बँकवाला नाहीतर मास्तर. कुणाच्याही वैयक्तिक फोन-पेवर पैसे घेऊ नका, माणूस कितीही सज्जन असला तरी. सज्जन माणसालाच उद्या चार लोकांच्या नजरा सोसाव्या लागतात.

मोठी रक्कम देणाऱ्याला सरळ रुग्णालयाच्या खात्यात भरायला सांगा, रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक घालून. बाकीची रक्कम वस्तादाच्या किंवा काकूंच्या खात्यात. पण इथं कराचा एक मुद्दा आहे. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षात मिळून ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम आली तर ती सगळीच उत्पन्नात धरली जाऊ शकते. त्यामुळं रक्कम मोठी होणार असं दिसलं की गावातल्या सीएला आधीच विचारा, किंवा एखाद्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थेमार्फत मदत वळवा. करात सवलत हवी असणाऱ्यालाही हाच मार्ग, कारण ८०जी ची पावती रुग्ण देऊ शकत नाही, तशी मान्यता असलेली संस्थाच देऊ शकते, आणि २ हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत लागू होत नाही. परदेशी नागरिकाकडून पैसे येत असतील तर परकीय योगदानाचा कायदा वेगळा आहे, तिथंही आधी विचारा आणि मग घ्या.

पेठेत फिरून पावतीपुस्तकावर वर्गणी काढायची असेल तर मंडळं गणपतीला जशी धर्मादाय कार्यालयातून कलम ४१ क ची परवानगी काढतात, तशी काढून घ्या. तालमीत कुणाला तरी ती प्रक्रिया तोंडपाठ असते.

हिशेब दर रविवारी ग्रुपवर टाका. जमा, खर्च, शिल्लक, तीन ओळी पुरे. देणाऱ्याचं नाव त्याला चालत असेल तरच टाका. शंभर रुपये देणारा आणि दहा हजार देणारा एकाच यादीत, रकमेशिवाय, हे मला सगळ्यात बरं वाटतं. क्यूआर कोडचा गैरवापर होतो, म्हणून संदेशातच लिहा: 'स्कॅन केल्यावर हे नाव दिसलं तरच पैसे पाठवा.'

सहावी पायरी: आवाहन लिहिणं

आवाहन मोबाईलच्या एका पडद्यात मावलं पाहिजे. दुःखाची वर्णनं कमी, कामाची ओळख जास्त. लोक आजाराला घाबरून पुढं सरकतात, पण 'अरे, आपल्या घोडीचं जीन यांनीच केलं होतं' हे आठवलं की थांबतात. नमुना देतो, अमुकच्या जागी तुमचे तपशील घाला:

'नमस्कार. अमुक पेठेतले जीन-लगामाचे कारागीर अमुक यांच्यावर अमुक रुग्णालयात उपचार चालू आहेत. मशिन न वापरता दोन सुयांनी शिवलेली त्यांची जिनं अनेक घोडेवाल्यांकडं वर्षानुवर्षं टिकली आहेत. त्यांनी शिकवलेले कारागीर आज स्वतःची दुकानं चालवतात. शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी योजनेतून होत आहे. औषधं आणि सहा महिन्यांचा घरखर्च यासाठी अमुक रुपये हवे आहेत, त्यापैकी अमुक जमले. खातं: अमुक. चौकशीसाठी ही दोनच माणसं: अमुक, अमुक. कृपया घरी फोन करू नये. अमुक तारखेला संकलन बंद होईल.'

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. तारीख नसलेला संदेश वर्षानंतरही फिरत राहतो, आणि घरच्या फोनवर दिवसभर 'आता कसं आहे?' याला उत्तर देऊन काकू थकतात.

सातवी पायरी: कुणाकडं जायचं

वस्तादाची ऑर्डरची वही मागून घ्या. जुन्या कारागिराकडं ती असतेच, कोपरे दुमडलेली, कातड्याच्या मापांनी भरलेली. त्यात गिऱ्हाइकांचे पत्ते असतात: वरातीची घोडी ठेवणारे, रायडिंग शिकवणारे, माथेरानचे घोडेवाले, पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर काम करणारे, ऐतिहासिक मालिकेसाठी चित्रनगरीत सामान नेणारे. यांना ग्रुपवरचा संदेश पाठवू नका, फोन करा. 'तुमचं काळं जीन, पितळी बक्कलांचं, ते करणारे तात्या' एवढं सांगितलं की पुढचं बोलणं सोपं होतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात सगळीकडचे घोडेवाले एकत्र येतात, तोपर्यंत गरज असेल तर तिथं जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पत्रक द्या.

मग शिष्य. त्यांची यादी करताना महिनाभर शिकून सोडून गेलेल्यालाही धरा. आमच्याकडं मोठी मदत अशाच एकाकडून आली. त्यानं हा धंदा केलाच नाही, पण रापीला (कातडं कापायच्या हत्याराला) धार कशी लावायची आणि काम हातात असताना बोलायचं नाही, या दोन गोष्टी तात्यांनी शिकवल्या म्हणून तो आला.

सुभाषनगर आणि चप्पल लाईनमधले कारागीर, चामड्याचे व्यापारी, पेठेतली तालीम, गणेश मंडळ, फुटबॉलवाली पोरं, यांच्याकडं समोरासमोर जा. कोल्हापुरात माणूस तोंडावर मागितलेलं नाकारत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हीच मंडळी घराघरांत भाकरी पोचवत होती, कुणाला काही शिकवावं लागलं नाही. शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) कुस्तीला आणि कलेला राजाश्रय दिला याचा आपल्याला अभिमान आहे. आज तो आश्रय पेठेनं द्यायचा, असं तालमीत बोललं की कुणी हिशेब विचारत बसत नाही. तरी हिशेब द्याच.

आठवी पायरी: मांडीवरचं अर्धवट काम

मदतीच्या गडबडीत ही पायरी सगळे विसरतात आणि वस्तादाच्या डोक्यात मात्र रात्रंदिवस तीच असते. कुणाची उचल घेतलीय, कुणाला दिवाळीच्या आत लगाम द्यायचाय, कातडेवाल्याचं किती देणं आहे. औषध घेऊनही झोप येत नाही ती यामुळं. म्हणून शिष्यांनी एक दिवस दुकान उघडून सगळ्या कामांची यादी करावी आणि ती वस्तादांपुढं वाचून दाखवावी. कुठलं काम कुणी पुरं करायचं ते त्यांनाच सांगू द्या.

एक मर्यादा पाळा. तंगाचे पट्टे (पोटाखालून जीन आवळणारे) आणि रिकिबीचे पट्टे (स्वाराच्या पायाखालच्या कड्यांचे) यांच्यावर स्वाराचा जीव असतो, ते कच्च्या हातात देऊ नका. कडेची सजावट, मोहरा, पिशव्या हे नव्या पोरांनी करावं. जीन पुरं करताना गादीच्या मधली पन्हळ मोकळी राहिली पाहिजे, भार घोड्याच्या कण्यावर न येता दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर पडला पाहिजे. तसं झालं नाही तर घोड्याची पाठ सोलवटते आणि नाव वस्तादाचं जातं. घाई असली तर गिऱ्हाइकाला मुदत वाढवून मागा. बहुतेक जण देतात.

पुरं झालेलं काम दवाखान्यात नेऊ नका, पण घरी खाटेशी जरूर न्या. तात्या चष्मा न लावता शिवण तपासायचे. टाक्यांच्या ओळीवरनं अंगठ्याचं नख हळू फिरवायचं, आणि नख जिथं अडखळलं तिथं थांबून नुसतं शिष्याकडं बघायचं. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आरीनं पाडलेल्या त्याच भोकातून दोन्ही बाजूंनी पार केलेल्या. अशा शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो, पण तो दोन्ही हातांनी सारख्या जोरानं ओढलेला असेल तरच. त्या दिवशी तीन टाके उसवायला लावले त्यांनी. काकू म्हणाल्या, "चार दिवसांनी पयल्यांदा बोलल्यात."

या कामाची मजुरी पूर्ण वस्तादाच्या घरी जाऊ द्या. बिलावर 'शिष्यांनी पूर्ण केलं' असं स्वच्छ लिहा. मदतीसाठी वस्तू विकायच्या असतील तर पट्टे, चाव्यांचे गोफ, कुत्र्यांचे पट्टे, छोट्या पिशव्या करा, त्या लवकर खपतात. जिनाचा लिलाव करायचा मोह होतो, पण जीन घोड्याच्या मापाचं असतं, ते भिंतीवर टांगायला घेणारा एखादाच. शिष्यानं केलेली वस्तू वस्तादाची म्हणून विकणं ही फसवणूक आहे, चांगल्या कारणासाठी असली तरी.

दुकान बंद राहणार असेल तर पावसाळ्याची काळजी घ्या. आपल्याकडच्या दमटपणात कातड्याला आठवड्यात बुरशी चढते. गठ्ठे सोडून फळीवर मोकळे ठेवा, जमिनीला टेकू देऊ नका, आठवड्यातून एकदा दार उघडून वारा द्या. रापी, आरी, दाभणं यांना तेलाचा हात द्या. पुठ्ठ्याचे फर्मे (कातडं कापायचे नमुने) एका मोठ्या पाकिटात घालून नावं लिहा. दिसायला ते रद्दीसारखे असतात आणि खरोखर रद्दीत जातात. घरात पैशाची चणचण असताना भंगारवाला आला आणि हत्यारं वजनावर गेली, असं होऊ नये म्हणून काकूंना आधीच सांगून ठेवा की काही विकायची वेळ आली तर पहिला निरोप शिष्यांना.

वस्तादांना बरं वाटेल त्या दिवशी, त्यांची इच्छा असेल तरच, मोबाईलवर थोडं चित्रण करा. चेहऱ्यापेक्षा हातांवर कॅमेरा ठेवा, एका वेळी एकच कृती: दोऱ्याला मेण लावणं, गादीत भराव बसवणं, पट्ट्याची कडा घोटणं. दहा मिनिटांत थांबा. फर्मे आणि चित्रणं त्यांच्या घरची मालमत्ता आहे, विचारल्याशिवाय कुठं टाकू नका.

नववी पायरी: पाळ्या

दवाखान्यात रात्री कोण थांबणार, सकाळचा डबा कुणाचा, रिपोर्ट कोण आणणार, याचं आठवड्याचं वेळापत्रक भिंतीवर लावा. घरच्या माणसाला आठवड्यातल्या निदान दोन रात्री सलग झोप मिळाली पाहिजे, ही माझ्या मते पैशाइतकीच मोठी मदत. डबा पथ्याप्रमाणं द्या. प्रेमानं आणलेला तांबडा रस्सा डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाटेजवळ नको. रक्त लागणार असेल तर तालमीतल्या पोरांचे रक्तगट आधीच लिहून ठेवा, ई-रक्तकोष पोर्टलवर जवळच्या रक्तपेढीतला साठाही बघता येतो. भेटायला एका वेळी दोघंच, आणि बोलायचं ते कामाबद्दल बोला.

दहावी पायरी: गर्दी ओसरल्यावर

पहिल्या पंधरवड्यात फोन थांबत नाहीत, दुसऱ्या महिन्यात कुणी येत नाही. म्हणून शिष्यांनी सुरुवातीलाच एक भिशी धरावी, दरमहा प्रत्येकी झेपेल एवढी छोटी रक्कम, आणि ती ठरलेल्या तारखेला काकूंच्या हातात. आमच्याकडं ती अजून चालू आहे. घरातला मुलगा किंवा एखादा शिष्य धंदा पुढं नेणार असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेच्या १८ व्यवसायांत चर्मकारी आणि पादत्राणांचं काम आहे, त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं व्हाउचर आणि ५ टक्के व्याजानं कर्ज मिळतं. कुटुंबातल्या एकालाच लाभ घेता येतो, त्यामुळं कुणाच्या नावानं करायचं ते आधी ठरवा.

संकलन बंद करायच्या दिवशी तिघांनी मिळून शेवटचा हिशेब लिहावा, पावत्या त्याला टाचाव्यात आणि एक प्रत घरी, एक तालमीत, एक दुकानात ठेवावी. शिल्लक राहिली तर तिचं काय करायचं हे पहिल्या दिवशीच वस्तादांकडून लिहून घेतलेलं असावं. तात्यांनी लिहून दिलं होतं की उरलेल्या पैशातनं चांगलं कातडं आणा आणि शिकायला येईल त्या पोराला द्या, पैसे घेऊ नका. कातडं आणलंय, दुकानात फळीवर आहे. शिकायचं असेल त्यानं सकाळी नऊनंतर यावं.